गालातला घोट

“तोंडात घेतलेलां थुकूचां नाय, आणि तोंडातसून गेलेलां गिळूचां नाय.”

हे पदूदादाचं वाक्य. त्यातलं पहिलं अन्नाबद्दल आणि दुसरं शब्दाबद्दल. जेवताना कुणाच्या दाताखाली खडा आला, तरी तो हे म्हणणार. रविवारी फोन करतो असं बायकोला कबूल केलेलं असलं आणि रविवारी पावसानं रस्ता दिसेनासा झाला, तरी हेच म्हणत छत्री उघडणार. सिंगापुरात हौगांगच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच जण राहत होतो, आणि पाचही जणांना ते पाठ होतं. कुणी चहा सांडला की आम्ही एकमेकांना ते ऐकवून हसायचो. तो हसायचा नाही.

त्याचं पूर्ण नाव पद्माकर मिठबावकर. देवगडकडचा. त्याचे वडील, अण्णा, बाग बघणारे होते. आंब्याचा व्यापारी बाग घेतो ती फळ बघून नव्हे, मोहोर बघून. फळ हातात यायला अजून तीन-चार महिने असतात. मध्ये धुकं आहे, तुडतुडा आहे, वारा आहे, वानरं आहेत. तरी सौदा मोहोरावर होतो. म्हणून व्यापारी आधी अण्णांना बोलावत. अण्णा दव सुकायच्या आत बागेत शिरत, झाडाखाली उभे राहत, मोहोराची एक काडी तोडून सावकाश चावत आणि गिळत. कधी थुंकत नसत. देवानं दिलेलं तोंडात घेतलं की ते पोटातच जायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मग एकच शब्द सांगत. भरेल, किंवा नाही भरणार.

एका वर्षी त्यांनी ‘भरेल’ म्हणून सांगितलं आणि पंधरा दिवसांत धुक्यानं मोहोर काळा पडला. अण्णांना जाब विचारायला कुणी आलं नव्हतं. तरी त्यांनी घरामागच्या अकरा कलमांचे सगळे आंबे त्या व्यापाऱ्याच्या खळ्यात नेऊन ठेवले. त्या मे महिन्यात पदूदादाच्या घरात कुणी आंबा खाल्ला नाही. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. ही गोष्ट तो मला नेहमी सांगायचा. अभिमानानं सांगायचा की तक्रारीनं, ते मला तेव्हा उमगलं नाही आणि आजही उमगलेलं नाही.

आम्ही दोघं एका टँकरवर होतो. तो चीफ कुक, मी इंजिनरूममध्ये तेल पुसणारा. १९९४ साली कंपनीनं जहाज सिंगापुरातच विकून टाकलं. बाकीचे घरी गेले, आम्ही दोघं राहिलो, कारण कोहशेठनी आम्हाला ठेवून घेतलं. कोहशेठ बंदरातल्या जहाजांना किराणा पुरवायचे. कांद्याची गोण न उघडता पदूदादा आतला सडका कांदा सांगायचा, तेव्हापासून ते त्याला घाबरून होते.

पुढं सिंगापुरात लाल वाइनचं वेड आलं, आणि कोहशेठनी कांदे सोडून फ्रान्सच्या बाटल्या आणायला सुरुवात केली. गोदामाला थंड हवेचं यंत्र बसलं. आत गेलं की देवगडातली डिसेंबरची पहाट. पदूदादा त्या थंडीत पेट्यांमधून हात मागं बांधून फिरायचा, अगदी बागेत फिरल्यासारखा. एकदा उघडलेल्या बाटलीवर नाक धरून तो म्हणाला, “ह्येका ओल्या गोणपाटाचो वास येता.” कोहशेठनी चाखलं आणि तोंड वाकडं केलं. बूच खराब निघालं होतं. त्या दिवसापासून कुठल्याही मोठ्या गिऱ्हाइकासाठी बाटली उघडली की आधी पदूदादाचं नाक लागायचं. नाकच फक्त. वाइनचा थेंब त्यानं कधी जिभेवर घेतला नव्हता, कारण त्याला ती आवडत नव्हती आणि कुणी घे म्हटलंही नव्हतं.

१९९८ च्या मार्चमध्ये कोहशेठनी त्याला ऑफिसात बोलावलं. मी दारात पेट्या लावत होतो. त्या दोघांचं आपसात बंदरातल्या खिचडी भाषेत चालायचं.

“पदू, तुझा इथल्या कामाचा पास जूनमध्ये संपतो. आता दिवस वाईट आहेत. फॉर्मवर मी ‘गोदामातला माणूस’ लिहिलं तर तो परत येईल. ‘वाइन चाखणारा’ लिहिलं तर साहेब लोक वाचतील तरी. तो पास चांगला. बायको-मुलीला आणता येतं.”

“मगे लिवा ना शेठ.”

“मी खोटं नाही लिहिणार, लाह. आधी चाखून दाखव. चार लोकांसमोर.” ‘लाह’ हे तिथल्या बोलण्याचं शेपूट, आपल्या ‘रे’सारखं.

बोर्दो नावाचा फ्रान्सचा एक मुलूख आहे, तिथली नवी वाइन यायची होती. नवी म्हणजे किती नवी, तर अजून पिंपात मुरत असलेली. आदल्या वर्षीची द्राक्षं. पिंपातून थोडी थोडी काढून, बाटल्यांत भरून, ती विमानानं पाठवायचे. लोकांनी ती चाखायची आणि दहा वर्षांनी ती कशी होईल ते आज सांगायचं, आणि त्यावर सौदा करायचा. बाटल्या हातात यायच्या दोन वर्षांनी.

पदूदादा ऐकत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “नंद्या, ह्यां तर मोहोराचां काम.”

त्या रविवारी त्यानं फोनवर बायकोला, जयवंतीवहिनींना, शब्द दिला. दिवाळीच्या आधी तुला आणि तन्वीला इथं आणतो, असं सांगून टाकलं. तन्वी सहावीत होती. तिनं विचारलं, तिथल्या एमआरटी रेल्वेच्या खिडक्या उघडतात का. तो म्हणाला, येशील तेव्हा बघशील. मी बाजूलाच उभा होतो. शब्द तोंडातून बाहेर पडताना मी पाहिला.

अडचण एकच होती. वाइन चाखणारे लोक वाइन गिळत नाहीत. घोट घेतात, तोंडात फिरवतात आणि बादलीत थुंकतात. दहा-बारा बाटल्या चाखायच्या तर दुसरा मार्ग नाही.

हौगांगच्या स्वयंपाकघरात आम्ही सराव सुरू केला. सिंकसमोर पदूदादा, मागं आम्ही चौघं. पाणी त्यानं थुंकलं. चूळ भरल्यासारखं झालं, त्यात काही अवघड गेलं नाही. मग मी कोकमाचं सरबत दिलं. तोंडात घेतलं, गाल फुगवले, वाकला, आणि त्याचा कंठमणी वर जाऊन खाली आला. गिळलं. दुसरा ग्लास, तेच. तिसरा, तेच.

“पदूदादा, अरे गुटखा खाणारी पोरं काय शाळा शिकून येतात काय थुंकायला?” मी म्हटलं.

आमच्यातला प्रबोध, मालवणचा फिटर, कपाळावर हात मारून म्हणाला, “काय देश हा! रस्त्यावर थुंकलं तर दंड, आणि खोलीत थुंकलं तर पास!”

जयवंतीवहिनींना कळलं तेव्हा त्या फोनवर इतक्या मोठ्यानं बोलल्या की मला बाहेर ऐकू आलं. “थुकूक पगार गावता? मगे आपल्या गावात पान खाणारे सगळे सायब झाले असते!”

तो मात्र काळजीत होता. त्याला पेच कळत होता. शब्द पाळायचा तर थुंकायला हवं, आणि थुंकायचं तर अण्णांच्या मोहोराच्या काडीला काय सांगायचं? शेवटी तो मला म्हणाला, “बगूया. तोंड आयत्या वेळी शिकता.”

एप्रिलमधला शनिवार, दुपारचे दोन. कोहशेठच्या जुन्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर लांब टेबल मांडलं होतं. बारा बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, त्यांवर आकडे. शहरातल्या नोव्हेना भागातले पाच डॉक्टर आले होते. दर वर्षी ते मिळून वाइन घेत. त्यांच्यात म्होरक्या म्हणजे डॉक्टर लिओंग, साठीच्या बाई, केस मुलासारखे कापलेले, बोलणं कमी. बाटल्या त्यांनी एकट्यांनीच आधी येऊन गुंडाळल्या होत्या. शिवाय बोर्दोहून आलेला एक माणूस, उंच, घामानं भिजलेला. मी पेले भरायला आणि बादली धरायला.

सुरुवातीला त्या बोर्दोच्या माणसानं हंगाम कसा होता ते सांगितलं. गेल्या वर्षी तिकडं वेलींचा फुलोरा एकदम आला नाही, टप्प्याटप्प्यानं आला. त्यामुळं एकाच घडात काही मणी पिकलेले, काही हिरवे. मग पाऊस. मग ऊन. तो म्हणाला, “या वर्षाबद्दल आमच्याकडेही एकमत नाही.”

पदूदादानं मान हलवली. असा मोहोर त्यानं पाहिला होता. आधीचा मोहोर वाटाण्याएवढा होतो तेव्हा मागचा उमलत असतो, आणि झाडाला स्वतःलाच कळत नाही आपण कुठल्या महिन्यात आहोत.

पहिली बाटली. सगळ्यांनी पेला फिरवला, वास घेतला, घोट घेतला, गुळगुळ केली, थुंकले. डॉक्टर लोक नेमके थुंकतात, एक थेंब बाहेर नाही. मी बादली पदूदादासमोर धरली. त्यानं बादलीत पाहिलं. आत पाच-सहा जणांचं उष्टं, लालभडक, फेसाळलेलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. कंठमणी वर गेला, खाली आला.

“तुरट,” तो म्हणाला. “हिरड्यासारखी. पण पाठीमागं काय तरी असा.”

त्याचं बोलणं मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरांना हिरडा कळेना. मी म्हटलं, झाडाचं औषध. सगळे खूश झाले.

तिसऱ्या बाटलीला त्याचा चेहरा बदलला. त्यानं डोळे मिटले. घोट सावकाश गिळला. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग तो म्हणाला, “मोहोर दाट. देठ जाड. आता तोंड आवळता, पण दहा वर्षांनी बाग भरतली.” आणि टेबलावर तळहात टेकून म्हणाला, “शब्द.”

मी तो तसाच सांगितला. डॉक्टर लिओंगनी वहीत काही लिहिलं. कोहशेठनी टेबलाखाली पदूदादाच्या गुडघ्यावर थाप मारली. मला वाटलं, जयवंतीवहिनी आल्याच.

चौथी, पाचवी, सहावी. तो प्रत्येक घोट गिळत होता. सातवीला त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आठवीला तो मला म्हणाला, “नंद्या, ह्यां टेबल जहाजावरचां काय रे?” मी म्हटलं, नाही, जमिनीवरचं आहे. “मगे हलता कित्याक?” कोहशेठ हळू आवाजात म्हणत होते, “थुंक, पदू. थुंक, लाह.” तो मान हलवायचा आणि गिळायचा.

दहाव्या बाटलीला त्यानं घोट घेतला, गिळला, पुन्हा घेतला, गिळला. भुवया जवळ आल्या. “ह्येच्यात काय नाय,” तो म्हणाला. “नुसती पानां. मोहोर नायच. ही बाग नाय भरूची.” आणि तळहात टेकला. “शब्द.”

बारा संपल्या. डॉक्टर लिओंग उठल्या आणि एकेका बाटलीवरचा कागद काढू लागल्या. तिसरीचा काढला. मग मधल्या सगळ्या सोडून दहावीचा काढला. दोन्ही बाटल्या त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. चिठ्ठी एकच. बाग एकच, वर्ष एकच, पिंप एकच.

कुणी हसलं नाही. डॉक्टर लिओंगनी शांतपणे सांगितलं, “रक्त तपासताना आम्ही एकच नमुना दोनदा पाठवतो. यंत्र नीट आहे का ते कळतं. मिस्टर पदू, वाईट वाटून घेऊ नका.”

पदूदादा दोन्ही बाटल्यांकडे पाहत होता. आपल्याच घरात दोन दरवाजे दिसावेत आणि आपण कुठल्यातून आत आलो ते आठवू नये, तसा.

कोहशेठ वाकून त्याच्या कानात म्हणाले. मी मागंच होतो, मला ऐकू आलं. “सांग की दहाव्या बाटलीचं बूच खराब आहे. तुझ्या नाकावर सगळ्यांचा विश्वास आहे. एवढंच सांग, मी फॉर्म सोमवारी भरतो.”

पदूदादानं दहावी बाटली उचलली. नाकाशी नेली. मग बूच उचललं, ते नाकाशी नेलं. आम्ही सगळे थांबलो. त्या नाकानं गोणीतला कांदा न बघता ओळखला होता. त्यानं बूच जागच्या जागी ठेवलं आणि म्हणाला, “बूच चांगलां असा.”

कोहशेठनी डोळे मिटले.

“मग तिसरीचं खरं की दहावीचं?” डॉक्टर लिओंगनी विचारलं. मी मराठीत सांगितलं.

पदूदादानं तोंड उघडलं. मला दिसत होतं, तो शोधत होता. तिसरीच्या वेळी जीभ त्याची होती, हे त्याला कळत होतं. पण दहावीच्या वेळीही ती त्याचीच होती. आणि तो बोर्दोचा माणूस म्हणाला होता की एका घडात पिकलेले मणी असतात आणि हिरवेही. म्हणजे दोन्ही खरं असेल. किंवा दोन्ही खोटं असेल, आणि खरी असेल ती फक्त टेबलाची हालचाल. दोन शब्द बाहेर पडले होते. एक ठेवायचा तर दुसरा गिळायला हवा होता.

“माका ठावक नाय,” तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा तो माझ्याकडे बघून म्हणाला, “नंद्या, माका खराच ठावक नाय रे.”

मी हे इंग्रजीत सांगितलं. तेवढं मला नीट सांगता आलं.

डॉक्टर लिओंगनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला. “हे प्या. पंधरा मिनिटं बसा. मग यातला एक घोट घ्या, आणि या वेळी थुंका. त्यानंतर जे सांगाल तेच मी खरं धरीन, आणि मिस्टर कोहना तसं पत्रही देईन.”

इतकं सोपं होतं. एक घोट. एकदा थुंकणं. त्याच्या पलीकडे जयवंतीवहिनी, तन्वी, एमआरटीच्या खिडक्या, दिवाळी. पंधरा मिनिटं तो भिंतीकडे बघत बसला. ओठ हलत होते. मला वाटतं तो आपलं तेच वाक्य म्हणत होता.

मग तो उठला. डॉक्टर लिओंगनी पेल्यात ओतलं. त्यानं घोट घेतला. तोंडात फिरवला, जसं इतरांना करताना पाहिलं होतं तसंच. तो ताठ चालत बादलीपर्यंत आला. मी बादली उचलून छातीशी धरली, म्हणजे त्याला फार वाकावं लागू नये. त्याचं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. गाल फुगलेले, ओठ मिटलेले, डोळ्यांत पाणी. मी मालवणीत पुटपुटलो, “थूक दादा. वैनीसाठी थूक.”

ओठ किंचित उघडले. कडेला लाल थेंब जमला. आणि परत मिटले. पण या वेळी कंठमणीही हलला नाही.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. पास मिळाला नाही. कोहशेठनी फॉर्म भरला, पण ‘चाखणारा’ लिहिलं नाही आणि पदूदादानंही लिहायला सांगितलं नाही. जूनमध्ये तो गावी गेला. दिलेला शब्द मोडल्याचं त्यानं जयवंतीवहिनींना फोनवर नाही, घरी गेल्यावर समोर बसून सांगितलं म्हणे. डॉक्टर लिओंगनी त्या वाइनची एक पेटी घेतली, एकच. दोन वर्षांनी ती आली तेव्हा मीच ती गोदामाच्या कोपऱ्यात लावली. पेटीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय : ‘पदू, तिसरी की दहावी?’ दहा वर्षं झाल्याशिवाय ती उघडायची नाही असा त्यांचा हुकूम आहे. अजून उघडलेली नाही.

पण त्या दुपारी तो बादलीसमोरून मागं सरकला. पेला जपून टेबलावर ठेवला. डॉक्टर लिओंगना दोन्ही हात जोडून नमस्कार केला, बोलता येत नव्हतं म्हणून नुसताच. कोहशेठच्या खांद्यावर हात ठेवला. आणि भरल्या गालांनी जिना उतरला.

आम्ही खिडकीकडे गेलो. खाली दुकानांच्या ओळीपुढच्या सावलीतून तो चालला होता, एक हात खांबांना लावत, जहाजावर कठड्याला लावतात तसा. फळांच्या दुकानातल्या आज्जीनं त्याला काहीतरी विचारलं. त्यानं मान हलवली आणि पुढं गेला. रस्ता स्वच्छ होता, चार वाजताचं ऊन होतं. बस स्टॉपवर बस उभी होती, आमच्या हौगांगची. तो तिच्याजवळून गेला आणि चढला नाही.

“थुंक, पदू,” कोहशेठ काचेआड म्हणत होते, इतक्या हळू की ते त्याला कधीच ऐकू गेलं नसतं. “दंड मी भरतो, लाह. आता तरी थुंक.”

डॉक्टर लिओंग वही मिटून उभ्या होत्या. बोर्दोचा माणूस कपाळ पुसत होता. मी अजून बादली छातीशी धरून होतो. मोठ्या झाडांच्या सावलीत शिरेपर्यंत त्याची पाठ आम्हाला दिसली, गाल दिसत नव्हते.